दोष काडतुसांचा

आमच्या क्लबात गोळी चुकली की दोष द्यायची एक ठरलेली रांग आहे. आधी वारा. मग काडतूस. मग दुर्बीण, मग दस्त्याचे स्क्रू, मग नळी. माणसाचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तो यायच्या आत सगळे आवरून घरी जेवायला गेलेले असतात. मी एकतीस वर्षं त्या क्लबात बसतेय. ‘आज माझाच नेम गेला’ असं तोंडाने म्हणणारा एकही बाप्या मी अजून पाहिलेला नाही.

आता यात गोम अशी, की गेलनची काडतुसं मी भरते. गेलन माझा नवरा. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गवताचे गठ्ठे बांधायच्या मशीनने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आणि अंगठ्याचं पेर खाल्लं. चाप ओढायचा हात शाबूत राहिला, पण दारूला ठिणगी देणारी मसुरीएवढी टोपी चिमटीत धरून काडतुसाच्या बुडाशी बसवणं त्याला जमेना. माझं नाव आर्लिस, तो आर्ली म्हणतो. म्हणाला, ‘आर्ली, तेवढं आजच्या दिवस करून दे.’ तो आजचा दिवस अजून चालूच आहे. वापरलेलं पितळ, म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, मी धुते, मापात आणते, टोपी मी बसवते, दारू मी तोलते, गोळी मी बसवते. चषक मात्र त्याच्या नावाने येतात, आणि गोळी चुकली की रांगेत दुसरा नंबर माझा.

तशी तक्रार नव्हती माझी. मोंटानाच्या या कोपऱ्यात हिवाळा सात महिने असतो, बाईने करायचं काय? आणि मी भरते छान, उगाच विनय कशाला! माझ्या काडतुसांनी गेलन शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका भोकात घालायचा. वाटाणा अडकेल एवढं भोक. क्लबाचा अध्यक्ष मर्ल ऑस्टबी तो कागद उन्हात धरून म्हणायचा, ‘लेका गेलन, एवढ्या जवळजवळ नको रे मारू, बाकीच्या चार मोजायला मला चष्मा बदलावा लागतो.’

ते भोक गेल्या वसंतात फुटलं. एप्रिलमध्ये दोन गोळ्या बाहेर. मेमध्ये तीन. जूनमध्ये पाचही गोळ्या कागदावर अशा पसरल्या, की हाताचा पंजा ठेवला तरी झाकल्या जाईनात.

मग सुरू झाला माझा कारावास. काडतुसं भरायचं माझं टेबल मागच्या दाराशी, कपडे धुवायच्या मशीनशेजारी आहे. त्या खोलीला खिडकी नाही. दोन महिने मी तिथे आणि गेलन माझ्या मागे उभा, खुर्चीच्या पाठीला हात टेकून. ‘दारू जरा कमी कर.’ केली. ‘आता जरा वाढव.’ वाढवली. ‘गोळी केसभर आत बसव.’ बसवली. ‘केसभर बाहेर काढ.’ काढली. टोप्या दुसऱ्या कंपनीच्या आणल्या. पितळेचं नळकांडं न् नळकांडं तोलून सारख्या वजनाचे गट पाडले. त्यांची तोंडं तापवून मऊ केली. दुर्बिणी तीन बदलल्या. नळी इतकी घासली, की तिच्यातून माझा संताप आरपार दिसला असता.

‘आर्ली, तुझा काटा चुकतोय.’

‘काटा चुकत नाही. वजन ठेवून दाखवलं ना तुला सकाळी?’

‘मग तुझा हात चुकतोय. तुझंही वय झालंय, मान्य कर की जरा.’

‘माझं वय झालंय आणि तू काय काल पाळण्यातून उतरलास?’

असं दिवसभर. जेवताना तेच, निजताना तेच. अंगावर कांजी केलेला सदरा घालून फिरावं तसं झालं होतं मला. हलले की टोचायचं.

आणि दोष काडतुसात नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. वेग मोजायचं एक यंत्र असतं, गोळी त्याच्यासमोरून गेली की आकडा दाखवतं. काडतूस वाईट असलं की आकडे उड्या मारतात. माझे पाचही आकडे शाळेतल्या मुलींसारखे ओळीत उभे होते. एकसारखी सुटलेली गोळी पाच ठिकाणी जाते, म्हणजे ती पाच ठिकाणी रोखलेली असते. हे मी गेलनला सांगितलं नाही. ‘यंत्र बिघडलंय,’ असं तोच म्हणाला, आणि मी ‘असेल बाई’ म्हटलं.

कारण मला काडतुसांच्या पलीकडचंही ठाऊक होतं. एप्रिलमध्येच तो कुंपणाकडून तणतणत आला होता, ‘खांब कुणी वाकवले गं? मधले सगळे वाकडे झालेत!’ मी जाऊन पाहिलं. खांब सरळसोट. तरी त्याने दोन दिवस खपून ते उपटले नि पुन्हा पुरले, आणि तेव्हा कुठे ते खरोखर वाकडे झाले. मग कॉफी कपाच्या शेजारी पडायला लागली. समोर बसून बोलताना तो माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायला लागला. असं बघणारी बाई मी आधी पाहिली होती. माझी सासू. तिच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता, कडा तेवढ्या उरल्या होत्या. तुमचं नाक दिसायचं नाही, पण तुमच्यामागे दारात उभं राहिलेलं मांजर दिसायचं. शेवटची नऊ वर्षं ती खिडकीशी बसून होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, ‘कोण ते?’ गेलनला त्या प्रश्नाची इतकी धास्ती होती, की तिच्या खोलीत जाताना तो दारातूनच ओरडायचा, ‘आई, मी गेलन!’

तर, माझ्या नवऱ्याचे डोळे जात होते. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, म्हाताऱ्याचा एक खेळ गेला. पण गेलन शाळेची बस चालवतो. सव्वीस वर्षं. खाडीकाठचा खडीचा रस्ता, कठडा नसलेला एक अरुंद पूल, आणि पाठीमागे अकरा पोरं. त्यातली दोन मर्लची नातवंडं.

जूनमध्ये त्याची चालक म्हणून डॉक्टरी तपासणी होती. आदल्या आठवड्यात तो न्हाणीघरात दाढी करताना अक्षरं पुटपुटत होता. वरून खाली, ओळीने. मी दाराबाहेर धुतलेले टॉवेल घेऊन उभी. तपासणीच्या खोलीतला तक्ता वीस वर्षं बदललेला नाही, आणि गेलनचं पाठांतर पहिल्यापासून चांगलं. दोन वर्षांचा परवाना खिशात घालून शीळ घालत घरी आला. मी मीटलोफ केला होता, त्याच्या आवडीचा, खिमा भाजून. दोघांनी पोटभर खाल्लं, दुसरं काय करणार!

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भांडखोर आहे, सगळा तालुका सांगेल. एका चिमूट दारूवरून मी मर्लला भर सभेत खोटारडा म्हटलंय. पण खरं सांगते, मी भित्री आहे. एकदा, जुलैमध्ये, मी म्हटलं, ‘गेलन, बिलिंग्जला डोळ्यांचा डॉक्टर आहे म्हणतात. लवकर गेलं तर सुया देऊन थांबवतात म्हणे.’

तो माझ्या कानाकडे बघत राहिला. म्हणाला, ‘आर्ली, काडतूस तुझं वाईट आहे. माझ्या डोळ्यांवर ढकलू नकोस.’ आणि बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसून राहिला. गाडी चालू न करता, दोन तास. मी खिडकीतून बघत होते. पुन्हा विषय काढला नाही. मनाशी म्हटलं, सुट्टी आहे, बस शेडमध्ये आहे, पोरं घरी आहेत. ऑगस्ट यायचाय अजून. ऑगस्ट काय, बोलावलं नाही तरी येतो.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी आम्ही रेंजवर गेलो. ट्रक त्यानेच चालवला, रस्त्याच्या मधोमध. मी दाराची मूठ धरून बसले होते. सोमवारी याच हातात ती बस असणार, एवढं एकच माझ्या डोक्यात भणभणत होतं.

रेंजवर सात-आठ जण होते. टेकडीच्या पायथ्याशी कागद लावलेले, वाटेत वाऱ्याच्या झेंड्या. गेलनने पाच गोळ्या झाडल्या. मर्ल मोठ्या दुर्बिणीशी बसला होता. त्याने काच पुसली, पुन्हा डोळा लावला. मर्ल काच पुसायला लागला म्हणजे काय ते समजा.

‘तिसरी कुठे गेली?’ गेलनने विचारलं.

‘तिसरी... तिसरी शेजाऱ्याच्या कागदावर गेली रे.’

कुणीतरी खोकलं. गेलन खुर्चीतून माझ्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘बघ! बघ हे! दोन महिने सांगतोय हिला, काडतुसात खोट आहे, पण ऐकेल तर शपथ. कोंबड्यांना घालायचे दाणे भरते त्यात.’

माझ्या कानशिलांना आग लागली. एकतीस वर्षं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मर्ल मधे पडला. मर्ल मनाने निर्मळ माणूस. त्याला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण आपण मिटवावं.

‘अरे, सोपं आहे की. रायफल तीच, काडतुसं तीच, आर्लिसला मारू दे पाच. आर्लिसचीही पसरली तर काडतूस वाईट. ती बऱ्यापैकी मारते, मी पाहिलंय.’

आमच्याकडे दुसऱ्याच्या रायफलला कुणी हात लावत नाही. बायकोसुद्धा. म्हणून सगळे गेलनकडे बघायला लागले. त्याला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर ते कशासाठी, हे सांगावं लागलं असतं.

‘बस,’ तो म्हणाला. ‘बस ना. कळू दे तुझं तुलाच.’

मी बसले. दस्त्यावर त्याच्या गालाची ऊब होती. गेलन माझ्या उजवीकडे स्टूल ओढून बसला. पहिली झाडली, दुसरी झाडली. रागात होते, आणि रागात माझा हात दगडासारखा स्थिर असतो, का ते देव जाणे. तिसरी. चौथी.

‘अगं बाई!’ मर्ल ओरडला. ‘चार गोळ्या! एक भोक! गेलन, लेका, ये बघ इकडे, वाटाणासुद्धा जायचा नाही!’

मागे हशा झाला, कुणी शीळ घातली. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दोन महिने छातीवर ठेवलेली धोंड कुणीतरी उचलली. मग मी वळून गेलनकडे पाहिलं. तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता. गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि त्याचा खालचा ओठ थरथरत होता. सासूबाई ‘कोण ते?’ विचारायच्या तेव्हा त्यांचा व्हायचा, अगदी तसाच.

एक काडतूस उरलं होतं. माझं मीच भरलेलं, मीच तोललेलं. ते त्याच भोकात गेलं, की सगळ्या क्लबासमोर गेलन संपला. मर्ल काही मूर्ख नाही. काडतूस चांगलं, रायफल चांगली, तर उरलं कोण, हे कळायला त्याला एक मिनिट पुरलं असतं, आणि दुसऱ्या मिनिटाला त्याला आपली नातवंडं आठवली असती. आणि ते भोकाबाहेर गेलं, तर दोष काडतुसाचा. गेलन शीळ घालत घरी जाईल, आणि सोमवारी अरुंद पुलावर अकरा पोरं.

हे सगळं मला लख्ख दिसत होतं. पोरं दिसत होती, मर्लच्या नातीच्या दोन वेण्या दिसत होत्या. मी काही भ्रमात नव्हते, हे मला कुणापाशीतरी कबूल करायलाच हवं. मी फक्त बाजूला थरथरणारा तो ओठ पाहिला आणि माझ्याच्याने ते सहन झालं नाही. चाप ओढताना मनगट जरा वळवलं, बस, एवढंच.

‘अरेरे!’ मर्ल म्हणाला. ‘पाचवी उडाली गं! तीन बोटं बाहेर. असं कसं झालं?’

‘काडतूस,’ मी म्हटलं. ‘गेलनचं बरोबर आहे. माझ्या भरण्यातच कुठेतरी चुकतंय.’

‘चार एका भोकात आणि पाचवी अशी? टोपी सादळलेली असणार,’ मर्ल म्हणाला. ‘डबाच्या डबा टाकून दे.’ बाकीचे माना डोलवायला लागले. रांग पुन्हा नीट लागली. मी रायफल पुसली, पिशवीत घातली. गेलन तेवढ्यात ट्रककडे चालू लागला. मला वाटलं, जिंकल्यावरची ऐट असेल.

ट्रकमध्ये तो चालकाच्या जागी बसला. किल्ली लावली नाही.

‘पाचवी तू उडवलीस.’

‘वारा आला रे मधेच.’

‘वारा नव्हता. झेंडी माझ्या कडेला होती. कडेचं मला दिसतं, आर्ली.’ मग म्हणाला, ‘तुझं मनगटही कडेला होतं.’

मी रायफलची पिशवी उगाच नीट करायला लागले.

‘तू मला शिव्या घातल्यास,’ तो म्हणाला, ‘मर्लला घातल्यास, पाद्रीबाबाला घातल्यास. पण कागदावरच्या भोकाबद्दल तू कधी खोटं बोलली नाहीस. एका दाण्याबद्दलसुद्धा नाही. आणि आज माझ्यासाठी बोललीस. म्हणजे तुला माहीत आहे. म्हणजे खरंच आहे ते.’ त्याने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले आणि कपाळ हातांवर टेकलं. ‘चार एका भोकात बसल्या तेव्हासुद्धा मी मनाशी म्हणत होतो, नशीब तिचं. पाचवीने सांगितलं मला.’

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हुंदके देत होता, आवाज न करता. मीही रडले. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एका वेळी कधी रडलो नव्हतो. कुणीतरी एक जण नेहमी भांडायला मोकळा असायचा.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. मर्ल. हातात माझी विसरलेली काडतुसांची पेटी. गेलनने बाहीने तोंड पुसलं आणि काच खाली केली. मी त्याचा दंड धरला. मला वाटलं, आज नको, घरी जाऊन ठरवू, उद्या फोन करू, काहीतरी शोधू. त्याने माझा हात हळूच बाजूला केला.

‘मर्ल,’ तो म्हणाला, ‘काडतुसं चांगली आहेत. माझे डोळे गेलेत. शाळेत सांग, सोमवारी बसला दुसरा माणूस बघा म्हणावं. मी पोरांना न्यायला येणार नाही.’

मर्ल काचेशी वाकून उभा. आधी त्याच्या चेहऱ्यावर नुसती दया आली, भल्या माणसाला येते तशी. ‘अरे गेलन... अरे लेका...’ म्हणत त्याने खिडकीतून हात घालून गेलनचा खांदा धरला. मग त्याची नजर गेलनच्या पलीकडे, माझ्यावर आली. पाचवी गोळी त्याला आठवली असावी. हात खांद्यावर तसाच राहिला, पण चेहरा बदलला.

‘आर्लिस, तुला माहीत होतं?’

काचेवर माश्या बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत ‘हो’ म्हटलं.

‘कधीपासून?’

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळपासून, म्हणता आलं असतं. गेलननेही मान माझ्याकडे वळवली होती, माझ्या कानाकडे बघत.

‘एप्रिलपासून,’ मी म्हणाले.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते, तोवर बस गेलनच चालवत होता. मर्लने एप्रिलपासूनचे ते आठवडे मनात मोजले, ते मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. काडतुसांची पेटी त्याने ट्रकच्या बॉनेटवर ठेवली, फार जपून ठेवली, आणि वळून आपल्या गाडीकडे चालत गेला.

गेलन उतरला, ट्रकला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि मला म्हणाला, ‘सरक तिकडे. आता तूच चालव.’